कारखाना विकला जातो, कामगार मागे उरतो

स्थानिक मालकाचा कारखाना बहुधा आजारी पडून बंद होतो. बँकेचे हप्ते थकतात, पगार लांबतात, कच्चा माल उधारीवर यायला लागतो आणि कामगाराला वर्ष-दोन वर्षे आधीच चाहूल लागते. बहुराष्ट्रीय कंपनीचा कारखाना मात्र धडधाकट असतानाही बंद होऊ शकतो. मुख्यालय जगभरच्या कारखान्यांचा ताळेबंद एकत्र मांडून पाहते. त्यात एखाद्या गावचा कारखाना नफ्यात आहे की तोट्यात, हा प्रश्न दुय्यम ठरतो. तेच भांडवल दुसऱ्या देशात गुंतवले तर जास्त मिळेल का, हे तेथे आधी पाहिले जाते.

जर्मनीतील बोखुम शहराला हे २००८ साली समजले. नोकियाने २००७ मध्ये सुमारे ७.२ अब्ज युरोंचा नफा कमावला होता आणि त्यानंतर काही आठवड्यांतच बोखुमचा मोबाइल कारखाना बंद करून उत्पादन रुमानियातील क्लुज येथे नेण्याची घोषणा केली. सुमारे २,३०० कामगारांची नोकरी गेली. कारण दिले ते मजुरीच्या खर्चाचे. पुढे क्लुजचा कारखानाही नोकियाने २०११ मध्ये बंद केला. ज्या गावाला दुसऱ्या गावाचे काम मिळाले, त्याच्या हातूनही ते तीन वर्षांत गेले. बेल्जियममधील व्हिल्वोर्ड येथे रेनोने १९९७ मध्ये असाच घाला घातला. सुमारे ३,१०० कामगारांच्या या कारखान्याचा निर्णय आधी जाहीर झाला आणि कामगार प्रतिनिधींशी बोलणी नंतर सुरू झाली. त्यावर युरोपभर मोर्चे निघाले आणि बेल्जियमने पुढच्याच वर्षी सामूहिक कपातीआधी माहिती देणे व सल्लामसलत करणे बंधनकारक करणारा कायदा केला. तो आजही रेनोच्याच नावाने ओळखला जातो.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा सर्वांत मोठा अलीकडचा दाखला पुणे जिल्ह्यात, मावळ तालुक्यात आहे. जनरल मोटर्सने तळेगाव एमआयडीसीत २००८ मध्ये मोटारींचा कारखाना सुरू केला आणि त्याला लागून इंजिनांचा कारखाना उभारला. वर्षाला १ लाख ४० हजार मोटारी तयार करण्याची त्याची क्षमता होती. २०१५ मध्ये कंपनीच्या प्रमुख मेरी बारा यांनी भारतात एक अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा केली. दोन वर्षांच्या आत चित्र पालटले. मे २०१७ मध्ये कंपनीने भारतात मोटारी विकणे थांबवण्याचे जाहीर केले. त्याआधी गुजरातमधील हालोलचा कारखाना बंद झाला होता. तळेगावात मेक्सिको आणि लॅटिन अमेरिकेसाठी शेव्हरोले बीट तयार होत राहिली. म्हणजे तळेगावचा कामगार ज्या गाडीवर काम करत होता, ती त्याच्या गावच्या रस्त्यावर विकली जाणार नव्हती. एका निर्यात कंत्राटावर उभा असलेला कारखाना किती दिवस टिकणार, हे तेव्हाच दिसायला हवे होते.

भारतातून काढता पाय घेणे हा कंपनीच्या जगभरच्या माघारीचा एक भाग होता. २०१७ मध्ये तिने युरोपातील ओपेल विकली आणि दक्षिण आफ्रिकेतील बाजार सोडला. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील होल्डन हे नाव गुंडाळले आणि थायलंडमधील रायोंगचा कारखाना चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सला विकला. तळेगावचा करारही जानेवारी २०२० मध्ये त्याच ग्रेट वॉलशी झाला होता. रायोंगचा व्यवहार पुरा झाला आणि तेथे पुन्हा मोटारी तयार होऊ लागल्या. तळेगावचा अडकला. एप्रिल २०२० मध्ये भारत सरकारने सीमेवरच्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला पूर्वपरवानगी सक्तीची केली, जूनमध्ये गलवान खोऱ्यात चीनशी चकमक घडली आणि परवानगी आलीच नाही. ३० जून २०२२ रोजी करार संपुष्टात आला. एकाच विक्रेत्याने एकाच ग्राहकाशी जवळपास एकाच वेळी केलेल्या दोन सौद्यांपैकी एक देशादेशांतल्या तणावात बुडाला, आणि ज्यांचा या तणावाशी काडीचा संबंध नव्हता ते मावळातले कामगार अधांतरी लटकले.

२४ डिसेंबर २०२० रोजी तळेगावचे उत्पादन थांबले. बंदीची परवानगी राज्य सरकारने २०२१ च्या सुरुवातीला नाकारली. एप्रिल २०२१ मध्ये कंपनीने १,४१९ कामगारांना ले-ऑफची नोटीस दिली. वाद औद्योगिक न्यायाधिकरण आणि उच्च न्यायालयात गेला. त्यातच ह्युंदाईने ऑगस्ट २०२३ मध्ये जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्री विकत घेण्याचा करार केला. आपल्यालाही नव्या कंपनीत सामावून घ्यावे, अशी मागणी करत कामगारांनी उपोषण केले. जानेवारी २०२४ मध्ये व्यवहार पुरा झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच जागेत ह्युंदाईच्या मोटारींचे उत्पादन सुरू झाले. जमीन, छप्पर आणि यंत्रे यांना नवा मालक मिळाला. कामगार त्या करारात नव्हते.

ले-ऑफ म्हणजे नेमके काय, हे एका कामगाराच्या पगारपत्रकावरून पाहिले पाहिजे. कायद्याप्रमाणे ले-ऑफच्या काळात मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेच्या निम्मी रक्कम मिळते. वाहन उद्योगातल्या कायम कामगाराच्या हातात पडणाऱ्या पैशात मात्र घरभाडे भत्ता, पाळी भत्ता, उत्पादन बक्षीस आणि ओव्हरटाइम यांचा वाटा मोठा असतो. हे सगळे गळून उरलेल्याचे निम्मे करायचे. घरकर्जाचा हप्ता मात्र निम्मा होत नाही, मुलांच्या शाळेची फी होत नाही आणि पतसंस्थेचे कर्जही होत नाही. बाविशीत कामाला लागलेला तरुण बारा वर्षांनी चौतीस-पस्तीसचा झालेला असतो. त्याची ऐपत पाहून बँकेने वीस वर्षांचे कर्ज दिलेले असते. शिवाय ले-ऑफमध्ये नोकरी कागदोपत्री चालू असल्याने तो धड कंपनीचा राहत नाही आणि धड मोकळाही होत नाही. कायम नोकरीवरचा हक्क सोडावा की न्यायालयाचा निकाल येईपर्यंत थांबावे, या पेचात वर्षे जातात. दरम्यान अनेक जण रिक्षा, डिलिव्हरी किंवा कंत्राटी पाळी यांवर घर चालवतात.

कारखाना कायमचा बंद झाला तर प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार, ही औद्योगिक विवाद कायद्याने ठरवलेली किमान भरपाई. बारा वर्षांच्या सेवेला ती सुमारे सहा महिन्यांच्या पगाराइतकी भरते. ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधी वेगळे, पण ते कामगाराने आधीच कमावलेले पैसे असतात. प्रत्यक्षात मोठ्या कंपन्या याहून बरीच जास्त रक्कम देऊन स्वेच्छानिवृत्ती घडवून आणतात. हा त्यांचा उदारपणा समजू नये. १९७६ च्या दुरुस्तीने मोठ्या कारखान्यांना बंदीसाठी सरकारची पूर्वपरवानगी सक्तीची केली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द ठरवले, १९८२ मध्ये ते सुधारून परत आणले गेले, आणि पुढे १०० कामगारांची मर्यादा लागू झाली. या कलमाने कारखाने बंद होणे थांबले नाही, हे उघड आहे. पण परवानगीची कटकट टाळायची तर कामगाराची सही हवी, आणि सही हवी तर किंमत मोजायला हवी, एवढी ताकद त्याने कामगार संघटनेच्या हाती दिली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ही मर्यादा ३०० वर नेली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. मोठी बहुराष्ट्रीय कंपनी या मर्यादेच्या वरच राहील. पण तिला सुटे भाग पुरवणारे दीडशे-दोनशे कामगारांचे कारखाने आता परवानगीविना बंद होऊ शकतात, आणि मोठा कारखाना गेला की आधी बंद पडतात ते हेच.

श्रीपेरुम्बुदूरचा अनुभव याच साखळीचा आहे. चेन्नईजवळच्या या विशेष आर्थिक क्षेत्रात नोकियाने २००६ मध्ये उत्पादन सुरू केले. भरभराटीच्या काळात तेथे थेट नोकरीवर सुमारे ८,००० माणसे होती आणि त्यांत खेड्यांतून आलेल्या तरुण मुलींचे प्रमाण मोठे होते. कंपनीच्या बसने ये-जा करणाऱ्या, घरातली पहिली पगारदार व्यक्ती ठरलेल्या या मुली होत्या. नोकियाचे पुरवठादार त्याच आवारात व आसपास वसले. २०१३ मध्ये प्राप्तिकर खात्याशी मोठा वाद उभा राहिला आणि मालमत्ता गोठवली गेली. सप्टेंबर २०१३ मध्ये नोकियाने आपला मोबाइल व्यवसाय मायक्रोसॉफ्टला विकण्याचे ठरवले. एप्रिल २०१४ मध्ये तो सौदा पुरा झाला तेव्हा करवादात अडकलेला हा कारखाना बाहेर राहिला. काही महिने तो मायक्रोसॉफ्टसाठी कंत्राटी उत्पादन करत राहिला. त्या काळात हजारो कामगारांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, मग कंत्राट संपले आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून काम बंद झाले. पाठोपाठ शेजारच्या फॉक्सकॉननेही तेथील काम थांबवले. करवादात सरकार बरोबर होते की कंपनी, हा स्वतंत्र प्रश्न आहे. पण वसुलीच्या हमीसाठी कारखाना धरून ठेवताना त्यातल्या कामगाराचा विचार कोणत्याच बाजूने झाला नाही. या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत खटकते. ती जागा पुढे सालकॉम्प या कंपनीने घेतली आणि तेथे मोबाइलचे चार्जर तयार होऊ लागले.

बंदीचा फटका ज्या क्रमाने बसतो, तो ताकदीच्या उलट असतो. सर्वांत आधी कंत्राटी कामगार आणि ट्रेनी जातात. त्यांच्यासाठी नोटीस लागत नाही, ठेकेदाराने उद्यापासून येऊ नका म्हटले की झाले. चाकण-तळेगाव-रांजणगाव पट्ट्यात अनेक कारखान्यांत यांची संख्या कायम कामगारांच्या बरोबरीची किंवा जास्त असते, पण बंदीच्या बातमीत येणारा आकडा फक्त कायम कामगारांचा असतो. त्यानंतर पुरवठादार. ज्या लघुउद्योजकाने एकाच ग्राहकाच्या आराखड्याप्रमाणे साचे आणि जिग बनवून घेतले, त्याला ते दुसरीकडे वापरता येत नाहीत. बँकेचे कर्ज मात्र साच्यांवर नसते, त्याच्या घरावर असते. मग कंपनीच्या बस चालवणारे, कॅन्टीनचे ठेकेदार, गणवेश धुणारे, माल वाहणारे. शेवटी खोल्या भाड्याने देणारे. एमआयडीसीसाठी जमीन दिलेल्या अनेक शेतकऱ्यांनी मोबदल्याच्या पैशातून चाळवजा खोल्या बांधलेल्या असतात. शेती गेलेली असते, भाडे हेच उत्पन्न असते. मराठवाडा-विदर्भातून आलेली पोरे खोली सोडून गेली की मेस, किराणा, चहाची टपरी, सलून यांचा धंदा महिन्याभरात उतरतो. या लोकांचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नसते, म्हणून भरपाईच्या कोणत्याही चर्चेत त्यांना जागा मिळत नाही.

कारखाना गेल्यावर कामगाराचे पुढे काय होते, याचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत झाला आहे. जेकबसन, लालोंड आणि सुलिव्हन यांनी १९९३ मध्ये पेनसिल्व्हेनियातील अनुभवी कामगारांविषयी दाखवले की, नोकरी गेल्यानंतर पाच-सहा वर्षांनीही त्यांची कमाई ती न जाती तर झाली असती त्यापेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने कमी होती. सुलिव्हन आणि फॉन वाख्टर यांच्या २००९ मधील अभ्यासात तर दीर्घकाळ नोकरी केलेल्या पुरुषांचा मृत्युदर काम गेल्यानंतरच्या वर्षात ५० ते १०० टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. वाढीचा काही अंश पुढची वीस वर्षे टिकून होता. जनरल मोटर्सचाच विस्कॉन्सिनमधील जेन्सव्हिल येथील कारखाना डिसेंबर २००८ मध्ये बंद झाला. त्यावर अॅमी गोल्डस्टाइन यांनी लिहिलेल्या पुस्तकात आणखी एक कटू गोष्ट समोर येते. नवे कौशल्य शिकण्यासाठी महाविद्यालयात गेलेल्या कामगारांची स्थिती न गेलेल्यांपेक्षा बरी झालेली नव्हती. भागात नोकऱ्याच नसतील तर प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र घेऊन माणूस जाणार कुठे? आपल्याकडे पुनर्कौशल्याचा शब्द सरकारी घोषणांत फार लवकर येतो, म्हणून हा निष्कर्ष नीट ध्यानात घ्यायला हवा.

भारतात या काळात हात देणारी व्यवस्था फारच तोकडी आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेखाली २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे. कारखाना बंद झाल्यास तीत ठरावीक काळ बेकारी भत्ता मिळतो. पण या विम्याची पगारमर्यादा दरमहा २१,००० रुपये आहे. बहुराष्ट्रीय कारखान्यातला कायम कामगार त्या मर्यादेबाहेर गेलेला असतो आणि कंत्राटी कामगाराची नोंद अनेकदा धड नसते. नव्या संहितेतल्या पुनर्कौशल्य निधीत मालकाने पंधरा दिवसांचा पगार भरायचा आहे, तोही कपातीशी जोडलेला. युरोपीय संघाने २००६ मध्ये यासाठी स्वतंत्र निधी उभारला. तिथेही विसंगती आहेच. डेलने २००९ मध्ये आयर्लंडमधील लिमरिकचे उत्पादन पोलंडमधील वुच येथे हलवले, सुमारे १,९०० नोकऱ्या गेल्या. लिमरिकच्या कामगारांसाठी युरोपीय निधीने १.४८ कोटी युरो दिले, आणि पोलंडने डेलला देऊ केलेल्या ५.४५ कोटी युरोंच्या अनुदानालाही त्याच वर्षी युरोपीय आयोगाने मंजुरी दिली.

अनुदानाचा हा मुद्दा महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याचा आहे. राज्यात १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना आहे. मोठ्या प्रकल्पांना करपरतावा, मुद्रांक शुल्कात माफी, वीज सवलत मिळते. एमआयडीसीची जमीन भाडेपट्ट्याने मिळते आणि ती हस्तांतरित करायला महामंडळाची संमती लागते. म्हणजे कंपनी येताना आणि जाताना, दोन्ही वेळा सरकार दारात उभे असते. बोखुममध्ये याच बळावर जर्मन राज्य सरकारने नोकियाला दिलेले अनुदान परत मागितले. अखेर कंपनीने कामगारांसाठी सुमारे २० कोटी युरोंची योजना मान्य केली आणि त्या भागात नवे रोजगार निर्माण व्हावेत म्हणून २ कोटी युरो वेगळे दिले. नोकऱ्या परत आल्या नाहीत, पण सार्वजनिक पैसा घेऊन हात झटकून जाता येत नाही, एवढे त्यातून ठरले.

मूळ कंपनीची जबाबदारी किती, हा प्रश्न जुना आहे. १९७७ मध्ये बॅजर या अमेरिकी मालकीच्या कंपनीने बेल्जियममधील शाखा बंद केली तेव्हा शाखेकडे कामगारांची देणी भागवण्याइतके पैसे नव्हते. बेल्जियम सरकार आणि संघटनांनी आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या, त्या वेळी नव्याकोऱ्या, मार्गदर्शक तत्त्वांचा आधार घेऊन दबाव आणला आणि कामगारांना तडजोडीची रक्कम मिळाली. ही तत्त्वे बंधनकारक नाहीत आणि भारत त्या संघटनेचा सदस्यही नाही. भारतात असा हिशेब किती लांबतो, हे कोडईकनालमध्ये दिसले. हिंदुस्तान लिव्हरचा थर्मामीटरचा कारखाना तेथे २००१ मध्ये पाऱ्याच्या प्रदूषणामुळे बंद झाला. ५९१ माजी कामगारांशी कंपनीची तडजोड झाली ती २०१६ मध्ये, पंधरा वर्षांनी.

बंद कारखाना कायम बंदच राहतो, असेही नाही, आणि सगळ्या चर्चेत सर्वांत कमी लक्ष याच मुद्द्याकडे जाते. हालोलचा कारखाना सैक कंपनीने घेतला आणि २०१९ पासून तेथून एमजीच्या मोटारी बाहेर पडू लागल्या. तळेगावला ह्युंदाई आली. फोर्डने ९ सप्टेंबर २०२१ रोजी भारतातील उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले तेव्हा सुमारे ४,००० नोकऱ्यांवर गदा आली. फोर्डच्या कारखान्यांपैकी साणंदचा कारखाना टाटा समूहाच्या कंपनीने ७२५.७ कोटी रुपयांना घेतला. हा करार इतरांपेक्षा वेगळा होता, कारण जमीन आणि यंत्रांबरोबर वाहननिर्मितीतल्या पात्र कामगारांनाही जवळपास त्याच सेवाशर्तींवर नोकरी देण्याची तरतूद त्यात लिहिलेली होती. १० जानेवारी २०२३ रोजी प्रस्ताव स्वीकारलेले कामगार नव्या कंपनीचे झाले. चेन्नईजवळच्या मराइमलाइ नगरमधील फोर्डच्या कामगारांना मात्र भरपाईच्या रकमेसाठी भांडावे लागले आणि हिशेब घेऊन घरी जावे लागले.

साणंद आणि तळेगाव यांतला फरक कामगारांच्या कौशल्याचा नव्हता, तो कराराच्या शब्दांचा होता. औद्योगिक विवाद कायद्यात उद्योगाचे हस्तांतर झाले तर सेवा अखंड धरण्याची कल्पना होतीच. पण कंपन्या चालू उद्योग विकत नाहीत. त्या आधी उत्पादन थांबवतात, माणसे मोकळी करतात आणि मग फक्त मालमत्ता विकतात. हस्तांतराचे कलम अशा विक्रीला लागत नाही, आणि ही पळवाट नव्या संहितेनेही बुजवलेली नाही. महाराष्ट्र शासनाच्या हाती मात्र दोन साधने आजही आहेत. एक, भाडेपट्ट्याच्या हस्तांतराला लागणारी एमआयडीसीची संमती, आणि दुसरे, नव्या मालकाला दिले जाणारे प्रोत्साहन. आधीच्या कामगारांना नोकरीचा पहिला हक्क, कंत्राटी कामगारांची नोंद आणि लहान पुरवठादारांची थकबाकी चुकती करणे, या तीन अटी या दोन कागदांवर लिहिण्यासाठी नवा कायदा करावा लागत नाही. पुढच्या कारखान्याचा हातबदल होईल तेव्हा राज्य सरकारने त्या अटी लिहून घ्याव्यात आणि कामगार संघटनांनी त्या लिहिल्याशिवाय संमतीपत्र बाहेर पडू देऊ नये.